नोकरीवर परतल्यानंतर स्तनपान कसे सुरू ठेवावे

प्रसूतीची रजा संपत आली की घरात वरच्या दुधाचा विषय निघतो, आणि बहुतेक वेळा तो गरज नसताना निघतो. स्तन जितके रिकामे होतात तितके दूध पुन्हा तयार होते आणि दूध साठून राहिले की शरीर ते कमी बनवू लागते. त्यामुळे बाळ जवळ नसलेल्या तासांतही वेळच्या वेळी दूध काढत राहणे, यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते व त्यांपैकी ८ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. प्रकृती चांगली असल्यास ती शक्य तितकी बाळंतपणानंतरसाठी राखावी, म्हणजे आई कामावर जाईपर्यंत बाळ सहा महिन्यांच्या जवळ पोहोचते आणि लवकरच पेज, वरणाचे पाणी, मऊ भात सुरू होऊन दुधावरचा सगळा भार हलका होतो.

दूध काढण्याचा सराव रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करावा. सकाळी दूध अधिक असते, म्हणून पहिल्या पाजण्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने बसावे. हात स्वच्छ धुऊन अंगठा व तर्जनी स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेला समोरासमोर ठेवावीत, आधी छातीच्या दिशेने दाबावे, मग दोन्ही बोटे एकमेकांकडे दाबून सोडावीत. कातडीवरून बोटे घासू नयेत. पहिल्या दिवशी दोन-तीन चमचेच निघाले तरी दूध कमी आहे असे मुळीच समजू नये, कारण बाळाच्या ओढण्याइतके दूध हाताने किंवा पंपाने सहसा निघत नाही. बाळाचे दुपटे जवळ घेतल्यावर पान्हा लवकर फुटतो, हा अनेक आयांचा अनुभव आहे.

एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलिलिटर, म्हणजे तासाला सुमारे ३० मिलिलिटर दूध पिते. डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्या आईचे प्रवासासकट अकरा तास धरले, तर घरी साधारण ३५० मिलिलिटर दूध पुरते. कार्यालयात दर तीन तासांनी एकदा दूध काढावे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज स्तनपानासाठी दोन सुट्ट्या देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघराची सोयही हवी. रुजू होण्यापूर्वीच वरिष्ठांशी बोलून बंद दाराची, स्वच्छ जागा ठरवून घ्यावी. स्वच्छतागृहात बसून दूध काढण्याची वेळ कोणत्याही आईवर येता कामा नये.

काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते, पण आपल्या उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नये. ते लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेत ठेवावे. फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे, ते चार दिवसांपर्यंत चालते. प्रत्येक डब्यावर तारीख लिहावी. सायीचा थर वर आलेला पाहून आजीला दूध नासले असे वाटते आणि ती ते ओतून देते. म्हणून तिला आधीच सांगून ठेवावे की डबा अलगद फिरवला की दूध पुन्हा एकजीव होते. दूध गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, गरम पाण्याच्या भांड्यात डबा धरून कोमट करावे आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. बाटलीपेक्षा ही भांडी उकळून स्वच्छ ठेवणे सोपे जाते. पाजून उरलेले दूध दोन तासांनंतर वापरू नये.

घरी आल्यावर हातपाय धुऊन आधी बाळाला जवळ घ्यावे, आणि रात्रीचे पाजणे शक्यतो तोडू नये, कारण दूध बनवणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. एखाद्या बाजूला गाठ लागली, तरी त्या बाजूने पाजणे थांबवू नये. मात्र लाली, ठणका आणि ताप एकत्र दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.