ओघळलेले स्तन: कारणे, प्रमाण आणि शस्त्रक्रियेची निवड

स्तन ओघळणे हा आजार नाही. वयाबरोबर ते कमीअधिक प्रमाणात बहुतेक स्त्रियांमध्ये होते आणि केवळ तेवढ्यासाठी उपचार घेण्याची गरज नसते. मात्र ज्या स्त्रीला त्याचा मनापासून त्रास होतो, किंवा स्तनांखालच्या घडीत वारंवार घाम साचून पुरळ उठते, तिने शस्त्रक्रियेचा विचार करण्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही. फक्त निर्णयापूर्वी आपल्या शरीरात नेमके काय बदलले आहे, हे तिला कळायला हवे.

स्तनात स्नायू नसतो. दूधग्रंथी, चरबी, त्यांना आतून धरून ठेवणारे कूपरचे तंतुबंध आणि बाहेरची त्वचा यांच्यावरच त्याचा आकार अवलंबून असतो. वय वाढते तशी त्वचेची लवचिकता कमी होते, तंतुबंध ताणले जातात आणि रजोनिवृत्तीनंतर ग्रंथींची जागा हळूहळू चरबी घेते. गर्भारपणात स्तन फुगतात आणि नंतर आक्रसतात, पण ताणलेली त्वचा तेवढी आक्रसत नाही. वजन झपाट्याने उतरल्यावरही हेच घडते. मुळातच जड असलेले स्तन आणि धूम्रपान यांचाही यात वाटा असतो. अंगावर पाजल्याने स्तन ओघळतात ही समजूत मात्र अभ्यासांत टिकलेली नाही. बदल घडतो तो गर्भारपणामुळे, आणि या भीतीपायी बाळाचे दूध तोडणे हे आई आणि बाळ दोघांचेही नुकसान आहे.

व्यायामाने स्तनांमागचे छातीचे स्नायू बळकट होतात, परंतु सैल झालेली त्वचा वर जात नाही. मलम आणि तेल यांच्याबद्दलही हेच म्हणावे लागेल. चांगल्या मापाच्या ब्रेसियरने आधार आणि आराम मिळतो, पण ती घातलेली असेपर्यंतच.

ओघळण्याचे प्रमाण घरीही ढोबळमानाने पाहता येते. ब्रेसियर काढून आरशासमोर सरळ उभे राहावे, हात बाजूला सैल सोडावेत आणि स्तनाखालची घडी व स्तनाग्र यांची पातळी ताडून पाहावी. स्तनाग्र घडीच्या पातळीवर असेल तर ओघळणे सौम्य समजतात. ते घडीच्या खाली गेले असेल, पण स्तनाच्या सर्वांत खालच्या भागापेक्षा वर असेल, तर ते मध्यम असते. आणि स्तनाग्र अगदी तळाशी येऊन जमिनीकडे वळले असेल तर तीव्र. काही स्त्रियांमध्ये स्तनाग्र घडीच्या वर, आपल्या जागी असते आणि फक्त खालचा भाग लोंबतो. हा वेगळा प्रकार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे असतात, म्हणून तो आधीच ओळखणे महत्त्वाचे ठरते.

शस्त्रक्रियेला मॅस्टोपेक्सी किंवा बोलीत ब्रेस्ट लिफ्ट म्हणतात. तिच्यात जादा त्वचा काढतात, आतल्या ऊतींना नवा आकार देतात आणि स्तनाग्र त्याच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतूंसह वर सरकवतात. खरा प्रश्न छेद किती लांब घ्यायचा हा असतो. सौम्य ओघळण्यात स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने घेतलेला गोल छेद पुरतो. मध्यम प्रमाणात त्याला खालपर्यंत जाणाऱ्या उभ्या छेदाची जोड द्यावी लागते, आणि तीव्र प्रमाणात घडीतून आडवा छेदही घ्यावा लागतो, ज्यामुळे जहाजाच्या नांगराच्या आकाराचा व्रण राहतो. लहान व्रणाच्या हट्टापायी पुष्कळ सैल त्वचा केवळ गोल छेदातून आवळली तर वर्तुळ ताणून पसरते आणि स्तन चपटा दिसतो. थोडा लांब, पण ताण नसलेला व्रण पत्करणे अशा वेळी अधिक शहाणपणाचे असते.

स्तन वरच्या बाजूने रिकामे झाले असतील तर लिफ्टबरोबर इम्प्लांट, म्हणजे स्तनात बसवायची कृत्रिम पिशवी, बसवता येते. केवळ इम्प्लांट बसवून मध्यम किंवा तीव्र ओघळणे दुरुस्त होत नाही. उलट त्याच्या वजनाने त्यात भरच पडू शकते. इम्प्लांट आयुष्यभर टिकेल असे धरून चालू नये, पुढे ते बदलण्याची किंवा काढण्याची शस्त्रक्रिया लागू शकते. स्तन फारच जड असतील आणि मान, खांदे किंवा पाठ दुखत असेल, तर आकार कमी करणारी शस्त्रक्रिया योग्य ठरते. तिच्यात स्तन उचललेही जातात.

वेळेची निवडही विचारपूर्वक करावी. वजन काही महिने स्थिर असावे, स्तनपान थांबून साधारण सहा महिने झालेले असावेत, आणि आणखी मूल हवे असेल तर शक्यतो थांबावे, कारण पुढच्या गर्भारपणात आकार पुन्हा बदलतो. शस्त्रक्रियेनंतर स्तनपान अनेकींना जमते, पण त्याची हमी देता येत नाही. धूम्रपान निदान चार आठवडे आधी आणि तितकेच नंतर पूर्ण बंद हवे, कारण निकोटिनमुळे रक्तपुरवठा घटतो आणि जखम उसवण्याचा, क्वचित स्तनाग्राची ऊती मरण्याचाही धोका वाढतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती डॉक्टरांना सांगावीत, स्वतःहून बंद करू नयेत.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन करतात. नंतर काही आठवडे आधार देणारी ब्रेसियर वापरावी लागते आणि जड वस्तू उचलता येत नाहीत. रक्त साचणे, जंतुसंसर्ग, दोन्ही बाजूंत फरक राहणे, स्तनाग्राची संवेदना कमी होणे आणि व्रण जाड होणे हे धोके शक्य असतात. एका बाजूची सूज अचानक वाढली, ताप आला किंवा स्तनाग्र काळसर पडू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. व्रण फिके पडायला वर्ष-दीड वर्ष लागते. ते पूर्ण पुसले जात नाहीत.

शस्त्रक्रियेपूर्वी स्तनांची तपासणी आणि वयानुसार मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) करून घ्यावी. पुढे कधीही मॅमोग्राफी करताना ही शस्त्रक्रिया झाल्याचे तपासणाऱ्यांना आवर्जून सांगावे, कारण आतले व्रण चित्रात गाठीसारखे भासू शकतात.