सेन्सर यायचाय, पिन तपासायचीय? या चुका टाळा

दर रविवारी ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या क्लासमध्ये कुणाचा ना कुणाचा सेन्सर आलेला नसतो. कुरिअर अडकलेलं असतं, नाहीतर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा कंटाळा. बिघडलं काही नाही. आर्डुइनोसारख्या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या डिजिटल पिनला शून्य आणि एक एवढंच कळतं आणि ते दोन्ही वायरीच्या तुकड्यानं देता येतं. पण तो तुकडा लावतानाही पोरं त्याच त्या चुका करतात आणि आता मला त्याच त्या उत्तरांचा वीट आलाय.

माझी सगळ्यात 'लाडकी' चूक ही: पिनमध्ये जम्पर, म्हणजे तो वायरीचा तुकडा, खुपसायचा, दुसरं टोक हवेत सोडायचं आणि पिन काय वाचतेय ते लॅपटॉपवर दाखवणारा सीरियल मॉनिटर उघडून बसायचं. कळव्याच्या एका पोरानं मला मोठ्या अभिमानानं दाखवलं, "सर, हात जवळ नेला की एक येतो, लांब नेला की शून्य. सेन्सर नसतानाही चालतंय!" मी म्हटलं, लॅपटॉपचा चार्जर काढ. काढला, आणि हात नाचवून नाचवून दमला तरी शून्य काही हलेना. चेहरा असा पडला, की मलाच वाईट वाटलं.

लटकती पिन म्हणजे छोटासा अँटेना. घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण ती पकडते, वर आपलं शरीर आणि चार्जर त्यात भर घालतात. आर्डुइनो उनोला 5 व्होल्टवर साधारण 1.5 व्होल्टच्या खाली शून्य आणि 3 च्या वर एक वाचायची हमी आहे. मधल्या पट्ट्यात काय वाचलं जाईल ते त्या दिवशीच्या नशिबावर. काही हुशार मंडळी मग मल्टिमीटर लावून बघतात. मीटरचा स्वतःचाच रोध साधारण 10 मेगओहम, तो लटकती पिन खाली ओढतो आणि मीटर लावल्यावर 'बरी झालेली' पिन मीटर काढला की पुन्हा आजारी पडते.

माझी सवय सांगतो. पिन 'इनपुट पुलअप' वर ठेवायची, म्हणजे बोर्डच्या आतलाच एक रेझिस्टर तिला वर, एककडे ओढून धरतो. काही न जोडता एकच यायला हवा, आणि तोही सलग. मी पाणी पिऊन येतो तोपर्यंत एकदाही शून्य दिसता कामा नये. मग ग्राउंडला, म्हणजे बोर्डवरच्या GND ला जोडायची, आता सलग शून्य. दोन्ही स्थिती आपल्या हातानं आणल्या आणि त्या टिकल्या, तरच पिन तपासली असं मी मानतो. "पुलअपला उलटं येतं" ही तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नका. उलटंच यायचं असतं.

ग्राउंडला जोडताना मध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर. "सर, थेट लावलं तरी चालतं ना?" चालतं, जोपर्यंत जुन्या प्रोग्राममध्ये तीच पिन आउटपुट म्हणून राहिलेली नसते तोपर्यंत. उनोच्या पिनची कमाल मर्यादा 40 मिलिअँपिअर, थेट ग्राउंड केली तर ती सहज ओलांडते. रेझिस्टर असेल तर प्रवाह 5 च्या आत. चार आण्याची वस्तू वाचवायला निघालेल्यांनी माझ्यासमोर दोन बोर्ड जाळलेत.

ईएसपी32 हा दुसरा बोर्ड वापरणाऱ्यांनो, तुमची पिन 3.3 व्होल्टची, 5 लावू नका. 34 ते 39 या पिनांना आत पुलअपच नाही, बाहेरून 10 किलोओहम लावा. पिन 12 वर बूट होताना एक दिला तर बहुतेक बोर्ड सुरूच होत नाहीत.

आता माझी स्वतःची फजिती. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीला पाण्याच्या पंपाचा कंट्रोलर करून दिला होता. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच. टाकी भरली की त्याचा संपर्क जुळून तो पिन ग्राउंड करणार आणि पंप थांबणार. फ्लोट हाताशी नव्हता म्हणून टेबलावर बोटभर जम्परनं तपासलं, शंभर वेळा बरोबर. बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे वॉचमनचा फोन, "साहेब, मोटर उड्या मारतेय!" जाऊन बघतो तर मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर टक-टक, टक-टक. चाळीस मीटर वायर वरून आलेली आणि शेवटचे दहा-बारा मीटर पंपाच्या केबलसोबत एकाच पाइपात. पंप चालू झाला की फ्लोटच्या वायरीत गुणगुण, पिनला शून्य, कंट्रोलर म्हणतो टाकी भरली. पंप बंद, गुणगुण गायब, टाकी पुन्हा रिकामी! आतला पुलअप 20 ते 50 किलोओहमचा, एवढ्या वायरीपुढे त्याचं काय चालणार. बाहेरून 1 किलोओहमचा पुलअप लावला, पिनपाशी 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि प्रोग्राममध्ये सलग दोन सेकंद शून्य आलं तरच 'भरली' मानायचं. पाइपही नंतर वेगळा करून घेतला. तोवर सातव्या मजल्यावरच्या आजींनी बादली दाखवत माझा जो उद्धार केला, तो इथे छापण्यासारखा नाही.

तेव्हापासून माझ्या टेबलाखाली तीस मीटर वायरीचं भेंडोळं पडलेलं असतं. त्यातूनच गुंडाळून एक्स्टेंशनची वायर जाते, तिच्यावर ड्रिल मशीन चालू. पिन त्या भेंडोळ्याच्या वायरीशी जोडून तपासायची.

उरलेलं पटापट. हातानं वायर टेकवली की एका स्पर्शाचे सात मोजले जातात, ते संपर्क उसळल्यामुळे; बोर्डला दोष देऊ नका. लांब ब्रेडबोर्डची पॉवरची पट्टी बऱ्याचदा मध्येच तुटलेली असते. चार पायांचं पुशबटन आडवं बसवलं तर ते कायमचं दाबलेलंच. उनोच्या 0 आणि 1 या पिना सीरियलच्या आहेत, तिकडे हात घालू नका. आणि 13 वर पुलअप लावून बसाल तर काही, विशेषतः जुन्या, बोर्डांवरचा एलईडी तिला 1.7 व्होल्टच्या आसपास अडकवून ठेवेल. बाजूला 12 रिकामी आहे की.