नावावरून वकिलाची नोटीस आली तर काय करायचं (आणि काय अजिबात करायचं नाही)

दुपारी दीडच्या सुमाराला पोस्टमन आला. मी वाकळ अंथरून कडेचा धावदोरा घालत बसले होते, हातातली सुई तशीच साडीला टोचली आणि सही करून पाकीट घेतलं. आत चार पानं, सगळी इंग्रजीत, मला पहिल्या झटक्यात कळलं ते एवढंच की गोधड्यांना लावता ते नाव आमच्यासारखं आहे, ते वापरणं सात दिवसांत बंद करा, लेबल लावलेला सगळा माल नष्ट करा, इन्स्टाग्रामचं पेज काढून टाका आणि वर पंचवीस लाख नुकसानभरपाई द्या. पंचवीस लाख! वर्षभर रात्री जागून गोधड्या शिवल्या तरी एवढा धंदा होत नाही हो माझा.

आता ते प्रकरण मिटलंय. तडजोडीत अट आहे म्हणून माझं नाव, नोटीस पाठवणाऱ्यांचं नाव काहीच लिहीत नाही. पण तेव्हापासून साबणवाल्या, मातीची भांडीवाल्या, क्रोशेवाल्या अशा बऱ्याच जणींचे फोन येतात की अगं तुला आलेली तशीच नोटीस मला पण आलीय, काय करू, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. मी वकील नाही. जे केलं, जे चुकलं आणि वकील मॅडमनी जे शिकवलं ते सांगते.

पहिलं म्हणजे हातात नक्की कुठला कागद आलाय ते बघा, कारण आपण सगळ्यालाच "नोटीस" म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. वकिलाच्या लेटरहेडवर आलेली नोटीस म्हणजे अजून कोर्टात काही नाही, त्यातले सात किंवा पंधरा दिवस त्यांनी स्वतःच ठरवलेले असतात, कायद्याने दिलेले नाहीत, पण म्हणून ती कपाटात टाकून बसू पण नका कारण पुढे कोर्टात हेच म्हणतात की आम्ही कळवलं होतं, यांनी उत्तरच दिलं नाही. दुसरा प्रकार म्हणजे तुम्ही ट्रेडमार्कसाठी (म्हणजे धंद्याचं नाव सरकारदरबारी आपल्या नावावर करायला) अर्ज केलाय, तो ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये छापून आलाय आणि कोणी त्याला ऑपोझिशन म्हणजे हरकत घातलंय (छापल्यापासून चार महिन्यांत कोणीही घालू शकतं). ह्याची मुदत मात्र कडक आहे. ऑपोझिशनची कॉपी मिळाल्यापासून दोन महिन्यांत काउंटर स्टेटमेंट, म्हणजे आपलं लेखी उत्तर, गेलं नाही तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं धरतात, विषय संपला. माझ्या ओळखीच्या एकीचं हे ईमेल स्पॅममध्ये पडून राहिलं आणि अर्ज गेला. तिसरा प्रकार कोर्टाचं समन्स. ते आलं तर हे पुढचं वाचत बसू नका, आधी वकील गाठा, कमर्शियल म्हणजे धंद्याच्या दाव्यात लेखी उत्तराला तीस दिवस असतात आणि कितीही विनवण्या केल्या तरी एकशे वीसच्या पुढे जात नाही.

मी काय चुकीचं केलं ते सांगते. घाबरून त्याच संध्याकाळी समोरच्यांना व्हॉट्सअ‍ॅप केला की सॉरी, तुमचं नाव आहे हे माहीत नव्हतं, मी बदलते. वकील मॅडमनी तो मेसेज वाचून कपाळाला हात लावला. "ताई, तुम्ही त्यांची केस त्यांना फुकटात लिहून दिलीत." म्हणजे आपलं नाव त्यांच्यासारखं आहे हे मी मान्यच केलं की! तेव्हा फोन नाही, मेसेज नाही, इन्स्टावर "छोट्या उद्योजिकेवर अन्याय" वगैरे स्टोरी तर अजिबात नाही. आणि जुन्या पोस्ट डिलीट करू नका. लोक भीतीने पेज साफ करतात आणि तोच तर आपला पुरावा असतो.

आता खरं काम. ह्या सगळ्या भांडणाचा जीव एका गोष्टीत आहे, आधी कोणी वापरलं. आपल्याला वाटतं समोरच्याकडे रजिस्ट्रेशन आहे म्हणजे आपण मेलो. तसं नाही. ट्रेडमार्कचा १९९९ चा कायदा आहे त्यात कलम ३४ आहे, त्याचा साधा अर्थ असा की त्यांनी वापर सुरू केला ती तारीख आणि त्यांच्या रजिस्ट्रेशनची तारीख (ती अर्जाच्या दिवसापासून धरतात), ह्यातली जी आधीची असेल तिच्याही आधीपासून तुम्ही ते नाव त्याच मालासाठी सलग वापरत असाल तर ते तुम्हाला थांबवू शकत नाहीत. तिरुनेलवेलीचा इरुट्टुकडै हलवा आहे ना, त्याच्या नावाचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं आणि २०१५ मध्ये कोर्टाने स्पष्ट म्हटलं की आधी वापरणाऱ्याचा हक्क रजिस्ट्रेशनच्या वरचा. माझ्या वकील मॅडमनी उत्तरात हे घातलं होतं.

मग समोरच्याची तारीख कशी शोधायची, तर आयपी इंडियाची सरकारी वेबसाइट आहे, तिच्यावर पब्लिक सर्च फुकट आहे. नाव टाका, क्लास टाका. क्लास म्हणजे मालाचे गट, एकूण पंचेचाळीस आहेत, गोधडी-चादरी चोवीसमध्ये, कपडे आणि चपला पंचवीसमध्ये, कातडी बॅगा अठरा, दागिने चौदा, मातीची भांडी एकवीस, खेळणी अठ्ठावीस, साबण तीन, मेणबत्त्या चार. स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार सारखा असलेली नावं पण शोधून बघा, फोनेटिक सर्च असतो. समोरच्याचं पान उघडलं की तीन गोष्टी नीट वाचायच्या. एक, स्टेटस खरंच रजिस्टर्ड आहे का, का ऑब्जेक्टेड (ऑफिसचा आक्षेप), ऑपोज्ड (कोणाची हरकत), अबँडन्ड (सोडून दिलेला) असं काही आहे, कारण नोटिशीत छाती फुगवून "आमचा ट्रेडमार्क" लिहिलेलं असतं आणि बघावं तर नुसता अर्ज केलेला असतो. दोन, नुसता शब्द घेतलाय का चित्रासकट लोगो. तीन, सगळ्यात महत्त्वाचं, यूजर डिटेल, म्हणजे नाव कधीपासून वापरतात ते. माझ्या केसमध्ये तिथे काय होतं माहितीये? अर्ज २०२१ चा आणि पुढे "प्रपोज्ड टू बी यूज्ड". म्हणजे अर्ज केला तेव्हा त्यांनी ते नाव अजून वापरलंच नव्हतं, हे त्यांच्याच तोंडाने लिहिलेलं! आणि मी २०१६ पासून त्याच नावाने विकतेय. ते पान बघून त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

पण मी २०१६ म्हणते म्हणून कोण ऐकणार, कागद पाहिजे. तेव्हा घर उलथंपालथं केलं. माळ्यावरच्या ट्रंकेत पहिलं बिलबुक निघालं, कार्बन कॉपीचं, पहिल्या पानावर चहाचा डाग, पण तारीख आणि नाव दोन्ही स्पष्ट. प्रिंटिंग प्रेसवाल्याचं लेबलांचं बिल. जत्रेतल्या स्टॉलची भाडेपावती, तिच्यावर दुकानाचं नाव होतं. कुरियरच्या स्लिपा, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, फेसबुकवरची पहिली पोस्ट, एका दिवाळी अंकातली छोटी जाहिरात (तीनशे रुपये दिले होते तेव्हा रडत रडत, आता सोनं वाटलं). हे सगळं वर्षावर्षाप्रमाणे लावायचं, प्रत्येक वर्षाचे निदान दोन-तीन कागद तरी पाहिजेत, कारण "सलग" हा शब्द महत्त्वाचा आहे. माझं २०२० साल मोकळं पडत होतं. लॉकडाउनमध्ये मी फक्त चिंध्यांचे मास्क शिवून विकले, मॅडम म्हणाल्या मास्क वेगळा माल झाला, गोधडीचं काही आहे का, मग एका काकूंच्या सासूबाईंची जुनी वाकळ दुरुस्त करून दिली होती आणि सोबत नवी एक दिली होती, त्याचं ऑनलाइन पेमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो सापडला. वाचले. मोबाईलमधले फोटो, चॅट, वेबसाइटचे स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचे झाले तर त्याला वेगळं सर्टिफिकेट लागतं, ते वकील करून घेतात, तुम्ही फक्त मूळ फोन फॉरमॅट मारू नका आणि एक्सचेंजमध्ये तर अजिबात देऊ नका.

एक गैरसमज बऱ्याच जणींचा असतो तो इथेच सांगते, शॉप अ‍ॅक्ट, उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी), जीएसटी, वेबसाइटचं डोमेन ह्यातल्या कशानेही नावावर हक्क मिळत नाही. पण ते तारखेचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात, तेव्हा फाइलला लावाच.

आता प्रामाणिकपणे स्वतःची बाजू तपासा. तुमचं नाव "सुंदर गोधडी" छापाचं असेल, म्हणजे मालाचंच वर्णन, तर ते तुमचं एकटीचं होणं कठीण आणि त्यांचं एकट्याचं होणं पण कठीण, हा मुद्दा दोन्हीकडून चालतो. कोल्हापुरी, पैठणी, वारली ह्या नावांना तर जीआय (म्हणजे ठराविक भागाच्या मालाची सरकारी नोंद) आहे, ती त्या भागातल्या सगळ्या कारागिरांची, कोणी नोटीस पाठवून म्हणत असेल की "कोल्हापुरी" शब्द माझा, तर हसून वकिलाकडे द्या. आणि उलटं पण बघा. ते आधीचे असतील, रजिस्टर्ड असतील, माल तोच असेल, नाव कानाला तेच लागत असेल, तर उगाच ताणू नका, नाव बदलायला वेळ मागून घ्या आणि मोकळ्या व्हा. कोर्ट दोन नावं शेजारी ठेवून भिंगातून बघत नाही, साध्या गिऱ्हाइकाला अर्धवट आठवणीवर गोंधळ होईल का एवढं बघतं, तेव्हा "त्यांच्यात एक ए जास्त आहे" हा बचाव नाही.

लढायचं तर किती, ह्याचं उदाहरण पुण्यातच आहे. कॅम्पातलं बर्गर किंग १९९२ पासूनचं, त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये दावा लावला, कंपनीची भारतातली दुकानं सुरू झाली २०१४ ला, आणि २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने दावा फेटाळला. सगळ्या पुण्याने पेढे वाटल्यासारखे मेसेज फिरवले. पण त्याच डिसेंबरात हायकोर्टाने अपिलात पुणेकरांना नाव वापरायला तात्पुरती मनाई केली आणि मग २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मनाईला स्थगिती दिली. तोवर दावा लागल्यापासून चौदा वर्षं झाली होती! त्यांचं चालतं हॉटेल आहे, माझी दोन शिलाई मशिनं आणि हाताखाली तीन बायका. म्हणून मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं की कागद भक्कम करायचे आणि तडजोडीला बसायचं.

वकिलाकडे जाताना नोटीस पाकिटासकट न्या (पाकिटावर तारीख असते), वर सांगितलेली फाइल न्या आणि ट्रेडमार्कचं काम करणाराच वकील बघा, जमिनीच्या केसवाला नको. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याची कायद्यातच सोय आहे, हे फार कमी जणींना माहीत असतं. उत्तर इंग्रजीत गेलं तरी मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका. माझं उत्तर दीड पानाचं होतं. आम्ही २०१६ पासून वापरतोय, हे कागद, तुमचा अर्ज २०२१ चा, तुम्हीच लिहिलंय की तेव्हा वापरत नव्हता, मागण्या मान्य नाहीत. शेवटी एक ओळ त्याच कायद्याच्या कलम १४२ ची, म्हणजे आधार नसताना धमक्या दिल्या तर आम्हीच कोर्टात येऊ शकतो. शिव्या नाहीत, रडगाणं नाही.

उत्तराबरोबर मॅडमनी कॅव्हेट टाकून ठेवलं, म्हणजे आपल्याला न ऐकता कोर्टाने एकतर्फी मनाई देऊ नये म्हणून. ते नव्वद दिवस चालतं, नंतर परत टाकावं लागतं. आणि ते त्यांच्या गावच्या कोर्टात पण टाकावं लागतं कारण ट्रेडमार्कचा दावा ते स्वतःच्या शहरात लावू शकतात, मी हे ऐकून तीन ताड उडाले होते. शिवाय लगेच स्वतःचा अर्ज केला. एका क्लासची ऑनलाइन सरकारी फी आपल्यासारख्या छोट्यांना साडेचार हजार, मोठ्या कंपन्यांना नऊ हजार, उद्योग म्हणून सवलत घ्यायची तर उद्यम सर्टिफिकेट लागतं, एकट्या व्यक्तीच्या नावाने अर्ज केला तर नाही. अर्जात "वापर कधीपासून" विचारतात तिथे खरी तारीख टाका आणि सोबत प्रतिज्ञापत्र, कागद. घाईत "प्रपोज्ड" वर टिक केलं तर त्यांची चूक तुम्ही केलीत असं समजा. आणि लेबलावर टीएम (म्हणजे ट्रेडमार्क) कोणीही लिहू शकतं पण गोलातला आर रजिस्ट्रेशन मिळाल्याशिवाय छापायचा नाही, ते बेकायदा आहे, प्रेसवाला "छान दिसतं ताई" म्हणून आपणहून टाकतो, प्रूफ तपासा.

उत्तर गेल्यावर दीड महिना शांतता. मग त्यांच्या वकिलाचा फोन, भाषा एकदम मऊ. ते मशीनवरच्या चादरी विकतात, मी हाताच्या गोधड्या, तर दोघांनी राहायचं ठरलं. मी नावाखाली गावाचं नाव लिहायचं, त्यांनी माझ्या अर्जाला विरोध करायचा नाही, कोणी कोणाला पैसे द्यायचे नाहीत आणि कोणी चूक मान्य केली असा अर्थ काढायचा नाही. हे सगळं स्टॅम्प पेपरवर. तडजोड करताना जुना माल संपवायला मुदत मागायला विसरू नका, ते तीन महिने म्हणाले, मी सहा मागून घेतले कारण आधीचीच चारशे लेबलं पडून होती, आणि एका गोधडीला एक लेबल म्हटलं तर सहा महिन्यांत ती काही संपली नाहीत. उरलेली आमच्या आक्कांनी खालच्या बाजूला गावाचं नाव भरून दिली, लाल दोऱ्याने, हातानेच.