सर्व्हिस चालू असूनही त्रुटी १०६०: माझा अनुभव

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानासाठी अडकलेली प्रिंटची रांग मोकळी करणारा छोटा प्रोग्राम लिहीत होतो. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या (मागे चालू राहणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत ‘प्रिंट स्पूलर’ समोर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या सर्व्हिससमोर, ‘रनिंग’ दिसत होतं, पण सर्व्हिस उघडणाऱ्या ओपनसर्व्हिस या विंडोजच्या फंक्शनला तेच नाव दिलं की त्रुटी १०६०: अशी सर्व्हिसच नाही. अक्षरशः डोकं पिकलं.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, परवानग्या वाढवल्या, मशीन रीस्टार्ट केलं. काही फरक नाही.

खरं कारण नावात होतं. यादीत दिसतं ते फक्त दाखवायचं नाव. ओपनसर्व्हिसला रजिस्ट्रीतलं (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातलं) मूळ नाव लागतं, ते नुसतं ‘स्पूलर’. चाललं ते असं:

आधी ओपनएससीमॅनेजर हे फंक्शन, फक्त कनेक्टची परवानगी मागून; ते सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या मॅनेजरचं हँडल, म्हणजे पुढे वापरायची खूण, देतं. इथे जास्त हक्क लागत नाहीत. मग ते हँडल आणि दाखवायचं नाव गेटसर्व्हिसकीनेमला द्या; ते दाखवायच्या नावावरून मूळ नाव शोधून देतं. मूळ नाव कमाल २५६ अक्षरांचं असतं, म्हणून बफर (नाव ठेवायची मेमरीतली जागा) २५७ चा, म्हणजे शेवटच्या शून्य-खुणेसाठी एक जास्त, ठेवा, आणि आकार बाइटमध्ये नाही, अक्षरांत सांगा. परत आलेलं नाव ओपनसर्व्हिसला द्या. शेवटी मॅनेजरचं आणि सर्व्हिसचं अशी दोन्ही हँडल क्लोजसर्व्हिसहँडलने बंद करा.

प्रोग्राम न लिहिता खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टवर ‘एससी गेटकीनेम’ लिहून पुढे अवतरणचिन्हांत दाखवायचं नाव द्या.

दाखवायचं नाव विंडोजच्या भाषेप्रमाणे बदलतं. जर्मन विंडोजमध्ये हीच सर्व्हिस ‘ड्रुकवार्टेश्लांगे’ असते. म्हणून कोडमध्ये कायम मूळ नावच साठवा.