ओपनस्निच डिनायवर टाकण्याआधी डीएनएस बघा

मागच्या वर्षी दिवाळी अंकाला लेख पाठवायचा होता त्याच रात्री मी लिनक्सवर ओपनस्निच (कुठलाही प्रोग्राम नेटवर जायला लागला की पॉपअपने विचारून अलाउ किंवा डिनाय करणारी फायरवॉल) टाकलं, रीस्टार्ट केलं आणि नेट बंद. लेख दुसऱ्या दिवशी दुपारी गेला, तोवर पानं लागून गेली होती. यंदा परत तेच करायचंय, लेख लॅपटॉपवरच चालणाऱ्या एआयकडून तपासून घ्यायचा आणि मजकूर बाहेर कुठे जात नाही ना ते बघायचं, म्हणून लिहून ठेवतेय.

बॅकअप, अपडेट, हे सांगायला नको. ओपनस्निच डेबियन १२ च्या रिपॉझिटरीतच आहे, इकडून तिकडून उचलू नका. यूएफडब्ल्यू (उबंटूसोबत येणारी साधी फायरवॉल) असताना हे कशाला, तर यूएफडब्ल्यूचे रूल पोर्ट आणि पत्त्यावर चालतात, कोणता प्रोग्राम बाहेर जातोय ते त्याला कळत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. लॅपटॉपवर एआय चालवणाऱ्या ओलामाचं मॉडेल आधी डाउनलोड करून घ्या, काही जीबी असतं, फायरवॉल नंतर.

आता डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं. डीएनएसला कायमची परवानगी द्या. उबंटूवर हे काम सिस्टमडी-रिझॉल्व्ड करतो, त्याचा पॉपअप आला तेव्हा मी 'रीस्टार्टपर्यंत' निवडून अलाउ केलं, आणि तसा रूल नुसता मेमरीत राहतो, डिस्कवर जातच नाही. रीस्टार्टनंतर लॉगिनच्या आधीच रिझॉल्व्ड बाहेर जायला बघतो, पॉपअप दाखवायला तेव्हा काही नसतं, डीफॉल्ट (उत्तर मिळालं नाही तर काय करायचं ते) मी डिनाय ठेवलेलं, संपलं. लॉगिननंतर पॉपअप धडाधड आले, पण एक वाचेपर्यंत दुसऱ्याची वेळ संपून तो नाकारला जायचा. वायफाय जोडलेलं दिसतं आणि ब्राउझर म्हणतो साइट सापडत नाही, त्यामुळे मी तासभर राउटर बंद-चालू करत बसले. म्हणून परत सांगते, डीएनएसला 'कायम' निवडा, आणि ईटीसीखालच्या ओपनस्निचडीच्या रूल्स फोल्डरमधे (/etc/opensnitchd/rules) त्याची फाइल खरंच आलीय का ते डोळ्यांनी बघा. रिझॉल्व्ड नसेल तर प्रत्येक प्रोग्राम स्वतःच पोर्ट ५३ वर विचारत जातो, मग पोर्ट ५३ आणि तुमच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता असा रूल करा. तोही कायमचा!

दोन-चार दिवस डीफॉल्ट अलाउच राहू दे, रूल जमू देत, मग डिनाय. पायथनला सरसकट कायम अलाउ करू नका, नाहीतर कुठलीही स्क्रिप्ट त्याच रूलवर बाहेर जाईल, रूलमधे कमांड लाइन पण घाला. ओलामाचं ११४३४ पोर्ट लॅपटॉपच्या आतलंच आहे, ते अडवू नका, ओलामाचं बाहेरचं सगळं बंद.

एआयला द्यायच्या आधी मूळ फाइलची कॉपी. एकेक परिच्छेद द्या आणि स्पष्ट सांगा, फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बघ, वाक्याला हात लावू नको. माझं 'वाटतं' सगळीकडे 'वाटते' झालं होतं आणि आजीच्या तोंडचं 'व्हय' पुसून 'होय' केलेलं, ते मला डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) लावल्यावर दिसलं. डिफ लावाच.

मग रीस्टार्ट, डीएनएस चालतंय का बघा, स्वतःलाच एक मेल पाठवून बघा. हे सगळं शेवटच्या तारखेच्या निदान तीन दिवस आधी.