पुरात बुडालेल्या बुलेटचं जाम इंजिन घरी कसं खोलायचं

किक मारायची नाही. जुनी गाडी दिसली की माणसाचा पाय आपोआप किककडे जातो, त्यामुळे हे आधीच सांगते. क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) जाम असताना किकवर उभं राहिलं तर तो सगळा भार किकच्या रॅचेटवर आणि गिअरबॉक्सवर येतो. म्हणजे खराब इंजिनासोबत चांगला गिअरबॉक्सही गेला. आमचा पुतण्या तीनदा तरी म्हणाला असेल, "काकू, एकच मारून बघतो की." मी किकचा दांडाच काढून कपाटात ठेवला.

गाडी सासऱ्यांची, १९७४ची बुलेट ३५०. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि धोक्याची पातळी तर ४५ची. गावभागातल्या आमच्या वाड्याच्या सोप्यात गाडी हँडलापर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर भांडी, गाद्या, शिलाई मशिनी यांतच जीव मेटाकुटीला आला, गाडी तशीच राहिली. मी शिवणकाम करते. मशीन खोलायची सवय हाताला होती, तीच इथे उपयोगी पडली.

जाम दोन तऱ्हेचं असतं. पळता पळता तापून धरलेल्या इंजिनात पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरला ओरबाडलेलं असतं. उभ्या उभ्या धरलेल्यात लोखंडी सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा गंजून एकमेकांना चिकटतात. पुराच्या गाडीत गंजासोबत गाळही असतो. काळ्या मातीचा गाळ इतका बारीक की तेलाच्या भोकातून थेट बेअरिंगपर्यंत जातो. म्हणून पुराचं इंजिन नुसतं "सुटलं" म्हणून चालू करायचं नसतं, पूर्ण खोलायचंच असतं. प्लगमधून तेल ओतून, धक्का मारून चालू केलेल्या गाड्या मला माहीत आहेत. चार-सहा महिन्यांत बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं) क्रँककडचं टोक, वाजायला लागतो.

आधी तळाचे ड्रेन नट उघडा. बुलेटचं तेल क्रँककेसमध्येच, म्हणजे क्रँक बसतो त्या खालच्या पेटीतच साठतं, वेगळी टाकी नाही. पाणी जड, तेल हलकं, त्यामुळे आधी पाणी येईल आणि मग चहाच्या रंगाची मळी. खाली पसरट घमेलं ठेवा. पाने वापरताना एक लक्षात ठेवा: या गाडीवर बरेच नट जुन्या ब्रिटिश इंची मापाचे आहेत. एमएमचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे गोल करून मोकळा होतो. जुन्या बाजारात इंची पाने मिळतात, ते आधी घ्या.

मग नेमकं काय अडकलंय ते शोधा. न्यूट्रलमध्ये मागचं चाक फिरत असेल तर गिअरबॉक्स बहुतेक ठीक आहे. (बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनामागे वेगळा बसतो, हे आपलं नशीब.) डावीकडचं प्रायमरी कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर असतं. ते काढलं की आत क्लच, दुपदरी चेन, अल्टरनेटर दिसतात. चेनला जोड नसतो, त्यामुळे क्लच आणि इंजिनाचा स्प्रॉकेट एकदमच बाहेर ओढावे लागतात. आता क्रँकचं टोक हाताने हलवून बघा. किंचित हलून टक् करून थांबत असेल तर दोष वर, पिस्टनकडे आहे. अजिबात हलत नसेल तर मेन बेअरिंगवर संशय धरा.

आमचं टक् करत होतं. प्लग काढून आत टॉर्च मारला तर पिस्टन मध्यावर अडकलेला आणि त्याच्यावर सिलिंडरच्या भिंतीला गंजाचं लालसर कडं. हे कडं महत्त्वाचं. पिस्टन वर ओढायला गेलात तर रिंगा त्या गंजावर जाऊन तुटतात, म्हणून आधी खालीच सरकवायचा. बुलेटचा सिलिंडर उभा असतो, त्यामुळे प्लगमधून ओतलेलं तेल पिस्टनवर तळ्यासारखं थांबतं. काही जण एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घेतात. चांगलं आहे, पण दोन्ही मिसळून राहत नाहीत, दरवेळी बाटली हलवावी लागते. ॲसिटोनची वाफ पेटते आणि रंगावर थेंब पडला तर रंग जातो. मी डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल घातलं. घाई नसेल तर तेवढं पुरतं. रोज सकाळी पातळी बघा. तेल खाली उतरत असेल तर ते रिंगांच्या फटीत शिरतंय.

टाकी काढून ठेवली की हेड खोलता येतं. कार्ब्युरेटर, सायलेन्सर, हेडवरचा आधाराचा पट्टा सोडवा. रॉकरची झाकणं, रॉकर, पुशरॉड (हे व्हॉल्व्ह हलवणारे भाग) एकेक करून काढा. इनलेटचं आणि एक्झॉस्टचं वेगवेगळं ठेवा. माझ्याकडे कापडावर खुणा करायचा खडू आणि बॉबिनच्या डब्या होत्या, प्रत्येक डबीवर खडूने नाव घातलं. पिना गोळा करायचं लोहचुंबक घमेल्यात फिरवलं की हरवलेला वॉशर सापडतो. गंजलेला नट सोडताना आधी केसभर आवळा, मग सोडा. कोपऱ्या-कोपऱ्याने, पाव-पाव फेरा. एक नट पूर्ण काढून दुसऱ्याकडे वळलात तर हेड वाकतं.

हेड निघाल्यावर सिलिंडरच्या वरच्या भागातला गंज बारीक एमरी पेपरने तेल लावून घासून काढा. चुरा कापसाने टिपून घ्या. मग उकळतं पाणी बाहेरून सिलिंडरवर ओतायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा ओतायचं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तापणं-निवणं चार वेळा झालं की गंजाची पकड तुटते. गॅसची ज्योत नको, आत डिझेल आहे. त्यानंतर पिस्टनवर बाभळीच्या लाकडाचा गोल ठोकळा ठेवून हलके, बेतशीर घाव घाला. पिस्टन अगदी वरच्या टोकाला अडकला असेल तर मात्र ठोकू नका. तिथे कनेक्टिंग रॉड सरळ उभा असतो आणि घाव थेट क्रँकवर जातो. तेल आणि गरम पाणी यांच्याच भरवशावर राहायचं.

पिस्टन हलला. आता सिलिंडर उचलायचा, आणि इथेच गंमत आहे. बाहेरचे सगळे नट सुटले तरी सिलिंडर हलत नाही, कारण एक नट उजवीकडच्या टॅपेटच्या (पुशरॉडच्या तळच्या भागाच्या) झाकणाआड लपलेला असतो. तो न काढता स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की सिलिंडरचा कडा तुटतो. सिलिंडर वर येत असतानाच क्रँककेसच्या तोंडात जुनी साडी कोंबा. गजन पिनची (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनेची) सर्क्लिप, म्हणजे ती पिन जागेवर धरणारी कडी, उडून आत पडली तर शोधत बसावं लागेल.

खालचा भाग काढायचा तर इंजिन गाडीतून उतरवावं लागतं. बुलेटच्या चौकटीचा खालचा भाग म्हणजे इंजिनच, त्यामुळे आधी चौकटीखाली ठोकळे लावून घ्या आणि उचलायला दोन माणसं बोलवा. उजवीकडचं टायमिंग कव्हर काढल्यावर गिअरच्या खुणांचे फोटो काढा, खुणा पुसट असतील तर रंगाचे ठिपके द्या. क्रँकच्या टोकावर ऑइल पंप फिरवणारा वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) असतो, त्याचे आटे उलटे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेल्या मेकॅनिकने पाइप लावून तो तोडलेला मी पाहिलाय. दोन पंप आहेत, एक तेल पाठवणारा, दुसरा परत आणणारा. त्यांचे भाग एकमेकांत मिसळू देऊ नका.

क्रँककेस उघडताना तिच्या दोन पाकळ्यांच्या (अर्ध्या भागांच्या) मधे काहीही घुसवायचं नाही. तिथेच पॅकिंग बसतं, ओरखडा गेला की तेल गळत राहतं. बेअरिंगच्या आसपास हॉट एअर गनने तापवा. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडाला पाहिजे. मग लाकडी हातोडीने टिचक्या मारल्या की पाकळी सुटते.

आत आम्हाला गाळ सापडला, वाळून पापडी झालेला. क्रँकमधून बिग एंडकडे तेल जायचं भोक पूर्ण बुजलेलं. ते इंजेक्शनच्या सिरिंजने डिझेल मारून मोकळं केलं, पण जुन्या बुलेटचा फ्लोटिंग बुश (बिग एंडमधली सुटी फिरणारी धातूची नळी) एवढ्या गाळानंतर वापरू नये. क्रँक जोडून देणाऱ्याकडेच सोपवा. तेलाचा नमद्याचा फिल्टर फेकून द्या.

सिलिंडर घेऊन मी कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे गेले. मूळ बोअर ७० मिलिमीटर, गंजाने खड्डे पडलेले, म्हणजे मोठा करणं आलंच. त्याने माप घ्यायचा व्हर्नियरही काढला नाही.

"वैनी, नवा पिस्टन आणलाय का?"

"आधी मोठा तर करा, मग त्या मापाचा आणते."

"तसं नसतंय. पिस्टन हातात आल्यावर त्याच्या मापानं मी बोअर करतो. आज ब्लॉक घेऊन जावा, पिस्टन आणि रिंगा घेऊन या."