डाळ मिलमधला मॉड्युलर स्विच: बसवण्याआधी खड्ड्यात पाणी ओता

मॉड्युलर स्विच, म्हणजे कॉम्प्युटर आणि कॅमेरे एका नेटवर्कमध्ये जोडणारा स्विच (भिंतीवरचं बटण नव्हे), येतो तो रिकामी पेटी म्हणून. पोर्टांची (केबल खोचायच्या जागांची) कार्डं, पॉवर सप्लाय, पंखे सगळं वेगळं येतं. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मी असा बसवला, तेव्हा पहिले दोन तास अर्थिंगवरच गेले. मे महिन्यात आपल्याकडं जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो. म्हणून आधी खड्ड्यात पाणी ओता, मग न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा, तोवर खोकं उघडूच नका.

पेटी रिकामी असतानाच दोघांनी उचलून रॅकमध्ये खालच्या बाजूला बसवा आणि अर्थची वायर सगळ्यात आधी जोडा. मनगटाला अँटी-स्टॅटिक पट्टा बांधून कार्ड खाचेत हळू सरकवा. अडलं तर मागं घ्या. जोर लावला की मागच्या पिना वाकल्याच. माझ्या एकदा वाकल्या, तो खर्च अजून बोचतो.

उरलेल्या खाचांना झाकणपट्टी लावाच. नाहीतर हवा तिथूनच पळते, कार्डं तापतात, आणि डाळीचा भुसा आत जातो तो वेगळाच.

दोन पॉवर सप्लाय असतील तर एक यूपीएसवर, दुसरा वेगळ्या लाइनवर.

मग सेटिंग करायला स्विचच्या कन्सोल पोर्टपासून लॅपटॉपला कन्सोल केबल जोडा. बऱ्याच स्विचांना ९६०० बॉड (या जोडणीचा वेग) चालतो. पासवर्ड बदला, ऑफिस आणि कॅमेऱ्यांचे व्हीलॅन (एकाच स्विचमधले वेगळे नेटवर्क) वेगळे करा, आणि सेव्ह करा! विसरलात तर लाइट गेली की सगळं कोरं. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच. गोदाम त्यापलीकडं असेल तर फायबर टाका.